चेटूक आणि वसा : एका शब्दनिवडीचा प्रश्न

इंग्रजी शिकलेल्या तरुण वर्गात, विशेषतः पुण्यासारख्या शहरातील मुलींत, पाश्चात्त्य 'विचक्राफ्ट'विषयी कुतूहल वाढते आहे. करमणुकीचा किंवा भयकथेचा विषय एवढ्यापुरते हे कुतूहल मर्यादित नाही. स्वतः निवडलेला आणि एकट्याने आचरता येणारा आध्यात्मिक मार्ग या दृष्टीने त्याकडे पाहिले जाते. या मार्गाविषयी मराठीत बोलण्याची वा लिहिण्याची वेळ आली की 'विच' या शब्दासाठी 'चेटकीण' आणि त्या मार्गासाठी 'चेटूकविद्या' हे पर्याय फारसा विचार न करता वापरले जातात. ही योजना भाषिक दृष्ट्या चुकीची आहे आणि सामाजिक दृष्ट्या बेजबाबदार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीत या अर्थक्षेत्रासाठी दुसरा आणि अधिक नेमका शब्द उपलब्ध आहे, हेही येथे दाखवायचे आहे.

प्रथम मूळ विषयाचे स्वरूप पाहू. आज 'विक्का' या नावाने ओळखला जाणारा पंथ प्राचीन नाही. ब्रिटनमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ख्रिस्तपूर्व काळातील एक निसर्गधर्म गुप्तपणे टिकून राहिला आहे, हा त्यांचा दावा होता. रोनाल्ड हटन यांनी 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) या ग्रंथात या पंथाची घडण आधुनिक असल्याचे साधार दाखवून दिले. स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८ मधील पुस्तकाने हा मार्ग गुरूवाचून आणि मंडळावाचून, एकट्या साधकासाठी खुला केला. नवागताला तेथे जे सांगितले जाते ते साधे आहे : चंद्राच्या कला पाहाव्यात, ऋतूंचे सण पाळावेत, वर्तुळ आखून त्यात बसावे, वनस्पती ओळखाव्यात, दोऱ्याला गाठी मारून संकल्प करावा. भारतात इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी 'बिलव्हेड विच' या आत्मकथनातून हे नाव उघडपणे स्वीकारले.

पंथ अलीकडचा आहे म्हणून तो त्याज्य ठरत नाही. श्रद्धेचा प्रामाणिकपणा तिच्या वयावर अवलंबून नसतो. प्रश्न आहे तो त्याला मराठी नाव देण्याचा.

'चेटकीण', 'डाकीण', 'जखीण' या शब्दांचा मराठीतील इतिहास अवनतीचा आहे. वज्रयान बौद्ध परंपरेतील पूजनीय डाकिनीची मराठीत डाकीण झाली. निधीचे रक्षण करणारी यक्षिणी पछाडणारी जखीण झाली. संस्कृतात 'चेट' म्हणजे सेवक. मंत्राने बांधून राबवून घेतलेल्या शक्तीचा अर्थ वाहणारे 'चेटूक' याच शब्दकुळातील मानता येते. मात्र याच परिसरातील 'योगेश्वरी' हा शब्द खाली आला नाही. पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी आजही सन्मानाने पूजिली जाते. देवळात ज्या शक्तीची प्रतिष्ठापना झाली तिचे नाव टिकले. तीच शक्ती शेजारच्या स्त्रीमध्ये आहे असा संशय आला तेव्हा मात्र नाव बदलले आणि ते आरोपाचे झाले. कोणी स्त्री स्वतःची ओळख 'मी चेटकीण' अशी करून देते, असा प्रयोग मराठीत रूढ नाही. हा शब्द नेहमी दुसरा कोणीतरी तिच्याविषयी उच्चारतो. रंगभूमीवरची आपली सर्वांत लाडकी चेटकीण, रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चिंची, हिची भूमिकाही दिलीप प्रभावळकर आणि पुढे वैभव मांगले या पुरुष नटांनी गाजवली. हे विनोदी नाट्यसंकेताला धरूनच आहे. तरी चेटकिणीला स्वतःचा आवाज नसतो, ही गोष्ट त्यातूनही सूचित होते.

हा आरोप केवळ शाब्दिक नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव या तालुक्यांत, 'डाकीण' ठरवून स्त्रियांना मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे, क्वचित ठार मारण्याचे प्रकार घडत आले आहेत. वसाहतकालीन पश्चिम भारतातील या हिंसेचा अभ्यास अजय स्करिया यांनी १९९७ मध्ये केला आहे. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले तो जादूटोणाविरोधी कायदा प्रथम अध्यादेशाच्या रूपाने व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिनियमाच्या रूपाने आला. या कायद्याची अनुसूची भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, रोगराईला कारण होते, असे जाहीर करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे 'चेटकीण' हे नाव दुसऱ्याला चिकटवणे ही एक हिंसक कृती असू शकते, हे विधिमंडळाने मान्य केले आहे. आपल्या अनुवादकांनी ते अद्याप मान्य केलेले दिसत नाही.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. अपमानाचा शब्द आपलासा करून त्याची धार बोथट करता येते, आणि मराठी साहित्यानेच हे करून दाखवले आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही शीर्षकेच त्याची साक्ष देतात. मग 'चेटकीण' हा शब्द का स्वीकारू नये? याचे उत्तर त्याच उदाहरणांत आहे. तेथे ज्यांच्या पाठीवर त्या शब्दाचे वळ उठले होते त्यांनीच तो शब्द मुखपृष्ठावर घेतला. कोथरूडमधील सुशिक्षित मुलीने 'मी चेटकीण' म्हणण्यात धोका नाही. धडगावच्या एखाद्या विधवेविषयी तोच शब्द उच्चारला गेला तर तिला घर सोडावे लागते. युरोपातही या शब्दाचा पुनःस्वीकार झाला तो हिंसा थांबून दीर्घकाळ लोटल्यावर. स्वित्झर्लंडमध्ये ॲना गोल्डी हिला १७८२ मध्ये देहदंड झाला, तो तेथील अखेरच्या अशा प्रकरणांपैकी एक होता. तिच्या आणि गार्डनरच्या पुस्तकाच्या दरम्यान पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडे ते अंतर अजून पडलेले नाही.

मग स्वतः निवडलेल्या आचारमार्गाला मराठीत काय म्हणावे? माझ्या मते तो शब्द 'वसा' हा आहे. श्रावणातील कहाण्या आपण लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात वाचतो, पण त्यांतील दीक्षाप्रसंगाकडे पुरेसे लक्ष देत नाही. आदित्यराणूबाईच्या कहाणीतील दरिद्री ब्राह्मण रानात जातो. तेथे नागकन्या व देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो आणि त्या लगेच देत नाहीत. तू उन्मत्त होशील, घेतलेले टाकून देशील, अशी शंका प्रथम घेतात. त्याने हमी दिल्यावर विधी सांगतात. तो विधी असा : श्रावणातल्या पहिल्या रविवारी मौनाने उठणे, स्नान करणे, विड्याच्या पानावर रक्तचंदनाने मंडल काढणे, सहा सुतांचा तातू करून त्याला सहा गाठी देणे. ज्या वाचकाने कनिंगहॅम वाचला आहे त्याला वर्तुळ, गाठी आणि मौन ही सामग्री परिचित वाटेल. येथे उसनवारीचा संबंध सुचवायचा नाही. एकट्या माणसाला, घरात, पुरोहिताशिवाय करता येण्याजोगा विधी दोन्हीकडे जवळपास सारख्याच साधनांनी घडतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

वसा आणि चेटूक यांतील भेद साधनांचा नाही, दिशेचा आहे. वसा घेणारा स्वतःला बांधून घेतो. चेटूक करणारा दुसऱ्याला बांधू पाहतो. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणाच्या समासात, चेटके आणि साबरमंत्र यांच्या बळावर चमत्कार दाखवणाऱ्यांना सद्गुरूच्या व्याख्येबाहेर ठेवले, त्यामागे हीच कसोटी आहे. नव्या मार्गाकडे वळणाऱ्यानेही ती स्वतःला लावून पाहावी. आपण जे करतो ते दुसऱ्याच्या इच्छेवर, शरीरावर वा पैशावर हात टाकते काय? टाकत असेल तर त्याला कोणतेही इंग्रजी नाव दिले तरी ते चेटूकच होय.

मात्र परंपरेत सर्व उत्तरे तयार आहेत असे म्हणून नव्या पिढीला माघारी धाडता येणार नाही. आपल्या बहुतेक व्रतांचे फळ पती, पुत्र आणि संपत्ती हे आहे. हळदीकुंकवाच्या वर्तुळाबाहेर विधवेला उभे केले गेले, हा फार जुना इतिहास नाही. बोडणासारखा संपूर्ण स्त्रियांचा विधीदेखील सुवासिनीपणाशी आणि जातीशी बांधलेला आहे. स्वतःच्या मनःशांतीसाठी, स्वतःच्या नावाने काही आचरावे, कोणाच्या आयुष्यासाठी नव्हे, असे एखाद्या तरुणीला वाटले तर कहाणीसंग्रहात तिच्यासाठी जागा सापडत नाही. विक्काचे खरे आकर्षण येथे आहे आणि ते उथळ म्हणून झटकण्यासारखे नाही.

परंतु फळ बदलून रूप राखण्याची युक्ती आपल्या परंपरेला ठाऊक आहे. एकनाथांनी भवानीचा जोगवा घेतला आणि त्यात मागायचे काय ते बदलले. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाची भाषा घेतली आणि विष कामक्रोधाचे ठरवले. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा ज्या मत्स्येंद्र-गोरक्षांपासून येते, त्याच नाथांच्या नावावर धुंडिसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसारा'त (शके १७४१) शाबरी विद्येच्या कथा आहेत. एकाच मुळापासून हठयोगही निघतो, भक्तीही निघते आणि मंत्रतंत्रही. रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर हे मूळ उकलून दाखवले. तेव्हा कोणी मुलगी आज पतीऐवजी स्वतःसाठी वसा घेऊ म्हणाली, तर ते परंपरेबाहेरचे पाऊल मानण्याचे कारण नाही.

अनुवादकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. पंथाचे नाव म्हणून 'विक्का' हा शब्द जसाच्या तसा ठेवावा. आचरणासाठी 'वसा' वा 'साधना' म्हणावे. 'चेटकीण' हा शब्द, जेथे आरोप आहे तेथे, आरोप म्हणूनच आणि अवतरणचिन्हांत वापरावा. प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्यांनी कहाण्यांतील दीक्षाप्रसंग आणि डाकीण ठरवल्या गेलेल्या स्त्रियांची निवेदने यांचा एकत्र अभ्यास हाती घ्यावा. पहिल्या सामग्रीचे संकलन बरेच झाले आहे. दुसरीतील स्त्रिया आज हयात आहेत आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत नोंदवून घेण्याचे काम मराठी विभागांनीच करावयाचे आहे.