परंदूरची तळी आणि तंजावरचा शेतमजूर

तंजावर म्हटले की मराठी वाचकास सरफोजी राजे आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी मात्र क्वचितच आठवते. तेथे २५ डिसेंबर १९६८ रोजी, मजुरीवाढीच्या लढ्यात उतरलेल्या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला होऊन ४४ दलितांना झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. जमिनीत राबणारा आणि जमिनीचा मालक हे दोघे एक नव्हेत, हे त्या आगीच्या उजेडात साऱ्या देशाने पाहिले. चेन्नईच्या नव्या विमानतळाचा विचार करताना नेमका याचाच विसर पडतो.

मीनंबाक्कमचा विमानतळ अपुरा पडतो, हे खोटे नव्हे. त्याची दुय्यम धावपट्टी अडयार नदीवर पूल बांधून वाढवावी लागली, आणि डिसेंबर २०१५ च्या पुरात विमानतळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. पाण्याच्या वाटेवर बांधल्यास काय होते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा होता? तरीही २०२२ मध्ये दुसऱ्या विमानतळासाठी कांचीपुरम जिल्ह्यातील परंदूर निवडले गेले. हा तळ्यांचा, भातशेतीचा, कंबन कालव्याचा मुलूख. पाच हजारांहून अधिक एकर क्षेत्र त्यासाठी ठरले. एकनापुरमच्या ग्रामस्थांनी ग्रामसभेत विरोधाचे ठरावामागून ठराव केले आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानावर बहिष्कार टाकला.

२०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची पाहणी बंधनकारक आहे, आणि त्याच जमिनीवर उपजीविका करणारी कुळे व शेतमजूरही त्यात बाधित कुटुंबे ठरतात. परंदूरसाठी मात्र राज्याचा १९९७ चा औद्योगिक भूसंपादन कायदा वापरला गेला. त्यात ही पाहणी नाही. पाहणी नाही म्हणजे ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचे नाव सरकारी दप्तरात येण्याची पहिली जागाच नाही.

तंजावरचे शेतकरी म्हणतील, आमचे खोरे २०२० च्या कायद्याने संरक्षित आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू उत्खननास व धातू गाळण्याच्या कारखान्यांस त्याने बंदी केली, हे मोठेच यश होय. परंतु बंदरे, रस्ते, पाइपलाइनी अशा पायाभूत प्रकल्पांना त्यातून वगळले आहे. कुंपण घातले, फाटक उघडेच ठेवले.

आपल्याकडे जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना पदरात पडली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पण ती योजना मुळात खातेदारांसाठी होती. परंदूर परिसरातील कुळे, वाटेकरी व मजूर यांची गाववार यादी ग्रामसभेपुढे ठेवा, ही मागणी तेथील जमीनधारक शेतकऱ्यांनीच आपल्या मागण्यांत सर्वांत वर लिहावयास हवी.