सकाळची खडखड आणि इंजिनाचे तेल

रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी सुरू करताच इंजिनातून खडखड ऐकू येते आणि दोन-तीन सेकंदांत थांबते. रात्रीतून तेल खालच्या चेंबरमध्ये उतरलेले असते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत ते पुन्हा पोहोचेतो हा आवाज होऊ शकतो.

अशा वेळी ‘जाड तेल घाला’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी डब्यावरील खूण वाचावी. ‘५डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. ५डब्ल्यू-३० साठी घडविलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतल्यास तेल वर चढण्यास उलट विलंब होतो. आवाज दबला तरी झीज थांबत नाही.

म्हणून मोटारीसोबतच्या पुस्तिकेतील श्रेणी व दर्जा प्रमाण मानावा. डिझेल मोटारीला काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, असल्यास कमी राखेचेच तेल घ्यावे. सपाट जागी डिपस्टिकने पातळी पाहावी. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. त्यातील तेल अडविणारी झडप निकामी झाल्यास सकाळची खडखड वाढते.

इंजिन तापल्यावरही आवाज राहिल्यास मात्र तेल बदलत बसू नये. जाणत्या मेकॅनिककडून चेन व टेन्शनर तपासून घ्यावेत. डब्यामागे वाचविलेली रक्कम इंजिनाच्या दुरुस्तीत व्याजासह फेडावी लागते.