आधी कॉलेज तर झेपू दे



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे ठरलेलंच: बी.कॉम.ला प्रवेश, सोबत सीए फाउंडेशनचा क्लास, शिवाय टॅली. पण नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पहिलं वर्ष पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुख्य विषयांबरोबर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली असं सगळं असतं. एका सत्राचे 20 ते 22 क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकल असेल तर दोन. म्हणजे किमान वीस तास वर्गातच गेले. घरचा अभ्यास आणि पंचवटीहून कॉलेज रोडला जाणं-येणं वेगळंच.

माझं मत असं, की पहिल्या सत्रात फक्त कॉलेज. सीए फाउंडेशनची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. एक संधी पुढे ढकलली तर वर्ष बुडत नाही. ओपन इलेक्टिव्हही मैत्रिणीचं बघून नको, आवडीचं घेऊ द्या.

अठ्ठाई करते म्हणणाऱ्या मुलीला आपण आधी विचारतो, "झेपेल ना गं?" पच्चक्खाण शक्ती पाहूनच घ्यायचं असतं. प्रवेशाचा फॉर्म भरतानाही हेच विचारा, आणि उत्तर तिचं तिला देऊ द्या.