‘निमो’ हॅचरीतला, पण टाकीतला बाकीचा समुद्र कुठला?

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या सिनेमाने घराघरांत पोहोचवला. आज घरच्या मरीन टँकच्या रील्समध्ये तो हमखास दिसतो. ‘कॅप्टिव्ह-ब्रेड आहे’, म्हणजे हॅचरीत जन्मलेला आहे, असं सांगून तो विकलाही जातो. पण एवढ्याने समुद्राचं नुकसान टळतं का?

हॅचरीतला मासाच का घ्यावा?

समुद्रात क्लाउनफिश सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रपुष्पाच्या आसऱ्याने राहतो. तिथून तो फारसा लांब जात नाही. त्यामुळे त्याला पकडणं सोपं आणि एखाद्या भागातून संपवणंही सोपं. फिलिपिन्स, इंडोनेशियात शोभेचे मासे पकडायला सायनाइडही वापरलं गेलं. त्याने प्रवाळही मरतात.

हॅचरीत हे टळतं. मादी दगडावर अंडी घालते, नर राखण करतो आणि साधारण आठवड्याभरात पिल्लं बाहेर येतात. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केलंय. नवी मुंबईत ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे.

मग अडचण कुठे आहे?

‘कॅप्टिव्ह-ब्रेड’ हे लेबल फक्त माशाचं. त्याच्या शेजारी ठेवलेलं समुद्रपुष्प बहुतेक वेळा समुद्रातूनच काढलेलं असतं आणि ते जगवणं माशापेक्षा अवघड असतं. खरं तर टाकीत शिकारी नसल्याने क्लाउनफिशला त्याची गरजच नसते.

प्रवाळांचा प्रश्न आणखी गंभीर आहे. दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. त्यात २०२४ मध्ये पाणी तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. समुद्रपुष्पंही उष्णतेने अशीच पांढरी पडतात. आधीच तापलेल्या समुद्रातून आणखी काही उचललं, तर तिथल्या माशांचा आसराच जातो.

घरी आणण्याआधी काय पाहायचं?

मासा विकत मिळतो, समुद्र मात्र घरी तयार करावा लागतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, तेही ॲक्वेरियमचं, स्वयंपाकघरातलं नाही. तापमान २५ ते २७ अंश हवं. मासा सोडण्याआधी टाकी ४ ते ६ आठवडे चालवावी लागते, कारण विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या काळात वाढतात. पाणी आटतं, पण मीठ मागे राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

नीट सांभाळलेला क्लाउनफिश २० वर्षंही जगू शकतो. म्हणून दुकानात तीन गोष्टी विचारा: मासा कोणत्या हॅचरीतला? तयार खाद्य खातो का? आणि टाकीतलं बाकीचं सगळं कुठून आणलंय? तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर मासा तेवढा घ्या, बाकीचं दुकानातच राहू द्या.