परभणीच्या उन्हात कासवाला दिवा कशाला?

ज्या शहराचे नाव दर उन्हाळ्यात 44-45 अंशांच्या आकड्यासह राज्यभर छापून येते, तिथे पाळीव कासवासाठी उष्णतेचा बल्ब शोधला जावा, याची थोडी गंमत वाटते. पण शोधला जातो, आणि हाती लागणारा सल्ला बहुधा इंग्लंड-जर्मनीतल्या कासवपाळकांचा असतो. काचेची मोठी पेटी, तिच्या एका टोकाला शंभर वॅटचा बल्ब, वर यूव्हीबीची ट्यूब, रात्रीला सिरॅमिक हीटर. लंडनच्या माणसाला तो सल्ला अगदी योग्य आहे. परभणीत तोच जसाच्या तसा पाळला तर पैसा जातो आणि जनावरही जाण्याची भीती असते. इथे कासवाला अंगणातले ऊन द्यावे, त्या उन्हातून पळायला जागा द्यावी आणि दिवा अडीअडचणीसाठी ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. ज्याला हे जमणार नाही, त्याने दिव्यांची यादी करण्याऐवजी कासव पाळण्याचाच फेरविचार करावा.

त्याआधी कोणते कासव, हे विचारले पाहिजे. मराठीत जमिनीवर चालणारे आणि पाण्यात राहणारे दोन्ही कासवच, त्यामुळे दुकानात आणि बोलण्यात मोठा घोळ होतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आले, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात ते 2019 पासून आहे. आपल्या नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या कासवांनाही कायद्याचे संरक्षण आहे. घरात भरभराट यावी म्हणून ठेवले, नखे मोजून कुणी भाव सांगितला म्हणून घेतले, ही कारणे न्यायालयात चालत नाहीत. अशा कासवाला कोणता दिवा लावावा, याचे उत्तर एकच: वनखात्याला कळवावे. उरते ते आफ्रिकेतले सुलकाटा आणि त्याच्यासारखी परदेशी कासवे. साइट्सच्या यादीतल्या अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. पुढचे सारे विवेचन अशा नोंदणी केलेल्या जमिनीवरच्या कासवापुरते आहे.

कासवाच्या कातडीवर सूर्याचे यूव्हीबी किरण पडले की तिथे ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते, आणि त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. ते कमी पडले की हाडे ठिसूळ होतात, कवच मऊ पडते, पाय वाकतात. हे झाले शरीरशास्त्र. दिवा घ्यायचा की नाही हे मात्र भूगोल ठरवतो. परभणी साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सूर्य सर्वांत खाली असतानाही, भर दुपारी तो इथे क्षितिजापासून 47 अंश वर असतो. लंडनमध्ये त्याच दिवशी तो जेमतेम 15 अंशांवर येतो. तिथल्या हिवाळी उन्हात यूव्हीबी नावालाच उरते, म्हणून तिथले लोक ट्यूब लावतात आणि त्यांचे बरोबरच आहे. आपल्याकडे आकाश निरभ्र असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी यूव्ही इंडेक्स 11 च्या पुढे जातो आणि हिवाळ्यातही कासवाला पुरून उरेल इतका असतो. शिवाय कातडीत उन्हाने तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही, कारण जादा झालेले प्रकाशानेच मोडते. बाटलीतल्या थेंबांना ही सोय नाही. एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन हे यूव्हीबीच्या दृष्टीने ऊन नव्हेच; साधी काच ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. ऊबही तशीच फसवी: बंद काचेच्या पेटीवर सकाळचे ऊन पडले तरी ती पाहता पाहता भट्टी होते.

इथल्या पाळीव कासवाला खरे भय उष्णतेचेच आहे. सुलकाटा सहाराच्या दक्षिण कडेच्या रखरखीत प्रदेशातले. मग त्याला परभणीचा मे काय जड, असे कुणालाही वाटेल. पण तिथे ते दुपारचे उन्हात बसत नाही, खोल बीळ खणून जमिनीच्या पोटात शिरते. त्याच्या काटकपणात त्या बिळाचा मोठा वाटा आहे. बीळ काढून घेतले, वर तापलेल्या स्लॅबची खोली दिली आणि त्यात पुन्हा शंभर वॅटचा बल्ब लावला, तर सुटकेची वाट कुठे राहिली? जुन्या माळवदाच्या घरातली मातीची जमीन कासवाला आजच्या फरशीपेक्षा कितीतरी मानवली असती. तेव्हा खर्च करायचाच तर आधी सावलीवर करावा: मातीचा जाड थर, त्यात अंगभर शिरता येईल असा खड्डा किंवा आडवे ठेवलेले मोठे मडके, उथळ पाणी, एका कोपऱ्यात ओल. ओल चैनीची गोष्ट नाही. वाढत्या सुलकाटांवरच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कवचावर उंचवटे येण्यामागे आहारातल्या प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा हात मोठा असल्याचे दिसले. बल्ब हवा आणखी कोरडी करतो.

यावर पहिला आक्षेप थंडीचा, आणि तो रास्त आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीत डिसेंबर 2018 च्या अखेरीस पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. सुलकाटा हिवाळी झोप घेणारे कासव नाही. गारठा आणि ओल एकत्र आली की त्याच्या फुप्फुसांवर बेतते. पण त्याच थंडीतली दुपार 25-30 अंशांची असते. म्हणजे अडचण रात्रीची आहे, आणि रात्रीला प्रकाश नको, नुसती ऊब हवी. कासवाला घरात घ्यावे, खोक्यात ठेवावे आणि फार थंडी असेल तर थर्मोस्टॅटवर चालणारा सिरॅमिक हीटर लावावा. त्याचा होल्डर चिनीमातीचा हवा, भोवती जाळी हवी. लाल-निळे ‘नाइट बल्ब’ विकले जातात, त्यांचा उपयोग विकणाऱ्याला. दुसरा आक्षेप कुत्री, मांजरे, कावळे यांचा. त्याला जाळीचे झाकण पुरते, फक्त ते काचेचे वा प्लॅस्टिकचे नसावे. तिसरा पावसाळ्याचा. ढगांतूनही काही यूव्हीबी खाली येते, आणि उघडीप मिळाली की तासभर बाहेर काढता येते. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू किंवा आजारी कासव यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी त्या दिवसांत ट्यूब लावणे मला मान्य आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा आक्षेप सर्वांत अवघड. बाल्कनीत दिवसातून दोन तास थेट ऊन येत असेल तर काम भागते. येत नसेल तर ट्यूब लावता येते, पण ती कशी चालते हे समजून घेऊन. लांब फ्लुरोसंट ट्यूब घ्यावी. छोटा पिळाचा बल्ब एवढ्याशाच जागेवर किरण टाकतो. पांढऱ्या एलईडीत यूव्हीबी नसते. अंतर वाढले की मात्रा झपाट्याने घटते आणि मधली जाळीही बराच भाग खाते. मोठी खोच पुढेच आहे: ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसत राहते आणि तिच्यातले यूव्हीबी केव्हाच ओसरलेले असते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा वर्षाच्या आत, ती बदलावी लागते. बल्बचा खर्च वेगळाच. शंभर वॅट रोज बारा तास म्हणजे महिन्याला 36 युनिट, आणि वीज गेली की सगळे ठप्प. सुलकाटा वाढून चाळीस-पन्नास किलोंचे होऊ शकते आणि पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. तेव्हा ट्यूब पुरेल का, याहून त्याला चालायला किती फूट मिळणार हा हिशेब आधी मांडावा लागतो.

ज्याच्या घरी नोंदणी केलेले कासव आधीच आहे, त्याने दुकानात जाण्यापूर्वी दिवसभरातले कमाल आणि किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणावा आणि आठवडाभर तो कासवाच्या जागी, जमिनीलगत ठेवावा. भिंतीवर टांगून उपयोग नाही. कवच दाबल्यावर मऊ लागत असेल तर मात्र आठवडाही थांबू नये. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे न्यावे.