बोट लागणे आणि आपले उत्तरदायित्व

दिवाळीच्या सुमारास औषधालयात येणाऱ्या ग्राहकांच्या प्रश्नांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे : ‘वैद्यराज, बोट लागू नये म्हणून काही आहे का?’ पूर्वी हा प्रश्न कोकणात आगबोटीने जाणारा चाकरमानी विचारीत असे. आगबोटी गेल्या, रस्ते झाले आणि ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मागे पडून ‘गाडी लागणे’ तेवढे राहिले. आता चक्र पुन्हा फिरले आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा क्रूझ सफरींना मोठा प्रतिसाद मिळू लागला. निवृत्तीनंतर प्रथमच समुद्रावर जाणारी मध्यमवर्गीय जोडपी या सफरींत मोठ्या संख्येने असतात. हीच मंडळी आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात नित्य येणारी आहेत.

या प्रश्नास आपण कोणते उत्तर देतो? बहुतेक ठिकाणी एक डबी पुढे सरकवली जाते आणि ‘दोन गोळ्या चघळा, काही होणार नाही’ असे आश्वासन दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे; प्रसंगी ते घातकही ठरू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही इतरांकडे बोट दाखवून मांडत नाही. त्यामागे आमचीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे एक जुने रुग्ण सपत्नीक गोव्याच्या सफरीला निघाले होते. वय पासष्टच्या पुढे, मधुमेहासाठी सल्फोनिलयुरिया गटातील गोळी चालू. आम्ही त्यांना सुंठीची गोळी दिली आणि सवयीने सांगितले, ‘पोट हलके ठेवा, शक्यतो लंघन करा.’ गोळी केव्हा घ्यावी हे सांगितले नाही. मधुमेहाच्या औषधाविषयी विचारले नाही. जहाज खुल्या समुद्रात गेल्यावर त्यांना मळमळू लागले. तेव्हा त्यांनी सुंठीची गोळी घेतली. ती उलटून पडली. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र उपाशीपोटी घेऊन झाली होती. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, बोलणे असंबद्ध झाले. सहप्रवासी म्हणाले, बोट लागली आहे, पडू द्या. पत्नीने आग्रह धरला म्हणून जहाजावरील डॉक्टरांनी रक्तशर्करा तपासली. ती धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती. वेळेवर ग्लुकोज मिळाले आणि ते सुखरूप परतले. परतल्यावर त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. आम्ही मात्र तो स्वतःस दिला.

या चुकीचे मूळ शोधू लागलो तेव्हा ते शास्त्रात नसून शास्त्राच्या अर्धवट स्मरणात आहे, असे आढळले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील छर्दिचिकित्साध्यायात सर्व छर्दी आमाशयाच्या उत्क्लेशातून होतात, म्हणून आधी लंघन करवावे, असे सांगितले आहे. परंतु तेथेच वातज छर्दीचा स्पष्ट अपवाद केलेला आहे. आपण नियम लक्षात ठेवला आणि अपवाद विसरलो. बोटीवरील छर्दीत दोष कोणता, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता.

छर्दीच्या पाच प्रकारांत वाहनामुळे होणारा असा स्वतंत्र प्रकार नाही. तथापि सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात पंचकर्मानंतर टाळावयाच्या आठ गोष्टींत ‘रथक्षोभ’ येतो. वाहनाच्या हिसक्यांमुळे सांधे शिथिल होतात, कुक्षीत क्षोभ होतो, आतड्यांत गुरगुर होते, असे वर्णन तेथे आहे. क्षोभ हा मुख्यतः वायूचा. त्यात बंद केबिनमधील डिझेलचा वास, शेजाऱ्याची उलटी, तेलकट पदार्थांचा दर्प यांची भर पडली की द्विष्टार्थसंयोगज छर्दीचाही अंश येतो. म्हणून आमच्या मते बोट लागणे ही वातप्रधान छर्दी असून तिला द्विष्टार्थाची जोड असते. या विचारास अनुसरून उपाशी राहणे अयोग्य ठरते आणि भरपेट जेवणेही अयोग्य ठरते.

आधुनिक विज्ञान या विकाराचे मूळ पोटात मानत नाही. अंतःकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलत आहे. केबिनच्या स्थिर भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात की काही हलत नाही. या विसंवादातून मळमळ, जांभया, लाळ सुटणे, फिकटपणा, थंड घाम आणि शेवटी उलटी ही मालिका सुरू होते. ज्यांच्या अंतःकर्णाची ही यंत्रणा पूर्णपणे निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही. साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा होणारी मंद वरखाली हालचाल सर्वाधिक त्रासदायक असते. यात दुबळेपणाचा प्रश्न नाही. ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन यास आणि ‘बीगल’ जहाजावरून १८३१ ते १८३६ या काळात प्रवास करणाऱ्या डार्विनलाही समुद्र लागत असे. लाज वाटून त्रास लपवणाऱ्या रुग्णास हे अवश्य सांगावे.

यावरून पथ्य सहज सुचते. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर निवडावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. त्रास वाटू लागताच मोकळ्या हवेत यावे, क्षितिजावर दृष्टी ठेवावी, वाचन व मोबाईल बंद करावा. उभे राहणे अशक्य झाल्यास डोळे मिटून उताणे पडावे. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, मद्य टाळावे. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे हलके अन्न घ्यावे. चरकांच्या छर्दिनिग्रहण गणात महाळुंग, आंबट बोर, डाळिंब, जव, वाळा, लाह्या आहेत. लाह्या, डाळिंबाचे दाणे, वाळ्याचे पाणी हे सारे प्रवासात नेता येण्याजोगे आहे. आलेली उलटी दाबून धरू नये. छर्दीचा वेग अधारणीय आहे. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत समुद्रास सरावते. दोन रात्रींच्या सफरीत मात्र ते सरावण्याआधीच किनारा येतो. म्हणूनच पूर्वतयारीस महत्त्व आहे.

आता औषधाविषयी. सुंठीचा आपणांस सार्थ अभिमान आहे; पण तो डोळस असावा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात खवळलेल्या समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल छात्रांवर १ ग्रॅम सुंठ चूर्णाचा प्रयोग झाला. त्यात उलट्या व थंड घाम लक्षणीय प्रमाणात कमी झाले. मळमळ आणि चक्कर यांत मात्र तसा निश्चित फरक दिसला नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिरत्या खुर्चीवरील प्रयोगात सुंठीचा लाभच आढळला नाही. पहिला अभ्यास जाहिरातीत छापायचा आणि दुसरा दडवायचा, हे वैद्यास शोभत नाही. सुंठ अनेकांना उपयोगी पडते, सर्वांना नाही, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. मात्रा १ ग्रॅम, गुळासह, प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. मधुमेह्यास गुळाऐवजी कोमट पाण्यातून द्यावी. अम्लपित्ताच्या रुग्णास जपून द्यावी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर त्याच्या चिकित्सकास विचारल्यावाचून देऊ नये.

याहून गंभीर बाब सूतशेखराची. ‘उलटीवर सूतशेखर’ हे समीकरण इतके रूढ आहे की अनेक दुकानांत तो नुसत्या मागणीवर दिला जातो. त्यात धत्तूरबीज आणि वत्सनाभ आहेत. ही दोन्ही द्रव्ये औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट असून, अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. आणखी एक योगायोग ध्यानात घ्यावा. समुद्रलागणीवर कानामागे लावावयाच्या आधुनिक पट्टीत जे हायोसिन असते, तेच धत्तुऱ्यात स्वभावतः आहे. काचबिंदूच्या विशिष्ट प्रकारात व लघवी अडणाऱ्या पौरुषग्रंथीच्या रुग्णांत त्या पट्टीबाबत जी सावधगिरी सांगितली जाते, ती आपण आपल्या कल्पालाही लावली पाहिजे. सूतशेखर हा थोर कल्प आहे. तो वैद्याने परीक्षण करून द्यावा, दुकानदाराने पर्यटकास नव्हे.

सिनारिझिन, मेक्लिझिन यांसारख्या आधुनिक गोळ्यांची शिफारस करण्यात कमीपणा मानू नये. ज्यास प्रत्येक प्रवासात तीव्र त्रास होतो, त्यास प्रस्थानापूर्वी त्याच्या डॉक्टरांकडे पाठवावे. या गोळ्यांनी झोप येते व त्यांवर मद्य वर्ज्य आहे, हेही सांगावे. ‘आयुर्वेद घेतो आहात ना, मग ते नको’ असे म्हणून रुग्णास हाल सोसायला लावल्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही.

काही औषधालय-चालक आम्हांस म्हणतील, दहा रुपयांच्या गोळीसाठी इतकी चौकशी कोण करणार? आमचे उत्तर असे की, चौकशी चार प्रश्नांची आहे. मधुमेह आहे काय व त्यासाठी कोणते औषध चालू आहे? हृदयविकाराची वा रक्त पातळ ठेवणारी औषधे आहेत काय? काचबिंदू वा लघवीचा त्रास आहे काय? गर्भवती आहात काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर वैद्याकडे पाठवावे. एवढ्यास दोन मिनिटे पुरतात. त्यासोबत सांगावे की उलट्यांबरोबर छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, लघवी न होणे वा उलटीत रक्त दिसल्यास ती बोट लागली असे गृहीत न धरता जहाजावरील डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

हे चार प्रश्न, पथ्य आणि या धोक्याच्या खुणा यांचे एक पानी मराठी पत्रक आपल्या संघटनेने तयार करावे व प्रत्येक सभासदाने ते आपल्या औषधालयात ठेवावे, अशी आमची सूचना आहे. पुढील हंगामाच्या आत हे होऊ शकते.

आमचे ते रुग्ण गेल्या वर्षी पुन्हा समुद्रावर जाऊन आले. या वेळी सुंठीबरोबर लाह्यांची पिशवी आणि खिशात साखर होती. जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून मधुमेहाच्या गोळीची वेळ जेवणाशी जोडून घेतली होती. थोडे मळमळले, पण सफर पार पडली. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशास एवढी तयारी करून देणे आपणांस सहज शक्य आहे. आणि ते आपले कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.