शेवटचे तीन फूट



गोल्फमध्ये टाळ्या मिळतात लांब फटक्याला. पण पार ७२ च्या मैदानाचा हिशेब मांडून पाहा. प्रत्येक होलला पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे १८ होलचे ३६. निम्मा खेळ पटरचा! तरी सरावाला गेलो की आपण आधी ड्रायव्हरच काढतो. मीही वर्षभर तेच केलं, आणि तीन फुटांवरून चेंडू चुकला की दोष पटरला दिला.

मग एकदा गणित केलं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. एक मीटरवरून चेंडूची दिशा साधारण ३ अंश चुकली तरी खपते, तीन मीटरवरून मात्र जेमतेम १ अंश. चेंडू जोरात आला तर तेवढीही सूट नाही, तो काठावरून फिरून बाहेर जातो. म्हणजे सांभाळायच्या गोष्टी दोनच: पटरचं तोंड सरळ आणि वेग बेताचा.

सरावाला घरातली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी पुरते. एका पट्ट्यावरून चेंडू तीन फूट न्यायचा. सुरुवातीलाच पट्टा सुटला, तर पटरचं तोंड तिरकं होतं असं समजा. पकड हलकी, मनगटं स्थिर, हलायचे ते खांदे, झोपाळ्यासारखे. अंतर वाढलं तर जोर नाही, झोका वाढवायचा. मैदानावर दहा, वीस, तीस फुटांवरून खेळताना एवढंच बघायचं की हुकलेला चेंडू होलच्या पुढे फूट-दीड फुटात थांबतो का.

आणि मन? १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला डग सँडर्सला जिंकायला शेवटच्या होलवर जेमतेम तीन फुटांचा पट हवा होता. तो चेंडूपाशी उभा राहिला, रेषेत काहीतरी दिसलं म्हणून वाकला, पण मागे होऊन नव्याने उभा राहिला नाही. चेंडू हुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलस एका फटक्याने जिंकला. सँडर्सला मेजर स्पर्धा कधीच जिंकता आली नाही.

गेल्या रविवारी तीन फुटांवर मी उभा राहिलो आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘हा तर घरचाच!’’ मी सरळ मागे झालो, पुन्हा रेषा पाहिली, पुन्हा उभा राहिलो. मान वर केली ती चेंडू पडल्याचा आवाज ऐकल्यावरच.